पेटीसमोरची रांग

मिरजगावच्या स्टँडवर कंडक्टरनं आमची पिशवी टपावर टाकायला म्हणून उचलली आणि लगेच खाली ठेवली. "काय भरलंय हो ह्यात?" त्यानं वडिलांना विचारलं. "दगड," वडील म्हणाले. कंडक्टरला वाटलं, माणूस सकाळी सकाळी कावलेला दिसतोय. त्यानं पुन्हा जरा नरमाईनं विचारलं, तेव्हा वडिलांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत खरोखरच दगड होता. काळाशार, पायलीच्या मापाएवढा, हळदीकुंकवानं माखलेला, आणि वर एक जास्वंदीचं फूल. कंडक्टरनं चटकन हात जोडले. "कुठला देव म्हनायचा?" "देव न्हाई. पोराला फादरच्या साळंत घालतोय, तिथं द्यायचाय." कंडक्टरनं एकदा दगडाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. साऱ्या प्रवासात त्यानं तो दगड स्वतःच्या सीटखाली जपून ठेवला आणि आम्ही उतरताना, आपल्याकडून काही कमी पडायला नको म्हणून, पुन्हा एकदा नमस्कार केला.

त्या दगडाची हकीकत अशी. आमची शाळा नगर-सोलापूर रस्त्याच्या आत, एका कोरड्या ओढ्याच्या काठावर होती. पोरांची शाळा, शेजारी बोर्डिंग, मधोमध चर्च आणि मागे फादर लोकांचा बैठा बंगला. ही शाळा ज्यांनी काढली ते मोठे फादर. त्यांचं खरं नाव तीन शब्दांचं होतं आणि त्यातला एकही शब्द आमच्या जिभेला वळत नसे, म्हणून सगळा मुलूख त्यांना मोठे फादर म्हणायचा. होतेही तसेच, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढे. ऐन तरुणपणी ते बोटीतून उतरून थेट या माळावर आले, तेव्हा दुष्काळ होता. शाळेसाठी आणलेल्या पैशातून त्यांनी आधी विहीर खणायला घेतली. मजुरांबरोबर स्वतः पहार धरली, आणि मराठी शिकले ते त्या विहिरीत. त्यामुळे हा गोरापान, निळ्या डोळ्यांचा माणूस तोंड उघडायचा तेव्हा "काय रं, जेवलास का न्हाई?" असंच बोलायचा. पुण्याहून आलेले इन्स्पेक्टर त्यांच्याशी अदबीनं शुद्ध मराठीत बोलू लागले की ते मान तिरकी करून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "सायेब, जरा सोपं बोला."

विहिरीतून निघालेल्या दगडांनी शाळेच्या कुंपणाची भिंत सुरू झाली. दगड संपले, भिंत अर्धीच राहिली. तेव्हा मोठ्या फादरनी काढलेला तोडगा असा, की नव्या पोरानं येताना आपल्या गावचा एक दगड आणायचा. तो दगड मास्तर त्याच्यासमोर भिंतीत बसवायचे आणि पोरानं चुन्यानं त्यावर आपल्या गावाचं नाव लिहायचं. भिंत अशी तालुक्यातालुक्यानं लांबत गेली. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, सगळे शेजारी शेजारी. कुणाची जात नाही, धर्म नाही, मार्क नाहीत, फक्त गाव. आणि याच भिंतीत तीन भोकं होती. ज्या पोराला शाळेतून काढत, त्याचा दगडही काढून त्याच्या हातात देत, घरी घेऊन जा म्हणून. बोर्डिंगमध्ये 'नाव कापलं' असं कुणी म्हणत नसे, 'दगड हातात दिला' म्हणत. त्या तीन भोकांपाशी आम्ही जाताना उगीच आवाज खाली करायचो.

माझा दगड वडिलांनी बांधावरून निवडला होता. दोन दिवस ते दगड पाहत हिंडत होते. हा ठिसूळ, तो वाकडा, आपल्या वावराचं नाव जाईल असा नको. आईनं तो घासून धुतला, आणि कुठं चाललाय हे पक्कं ठाऊक असूनही त्याला हळदकुंकू लावलं. मास्तरांनी तो बसवताना कापडानं पुसायला घेतला, तर मोठे फादर मागून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्याच्या आईनं लावलंय." वडील परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता कान देऊन आइक. हितनं येक बी तक्रार आली, तर त्यो दगड आन तू, दोघं बी परत बांधावर. मंग साळा न्हाई, काय न्हाई, बैलं राख." वडील बोलले की बोलले. आमच्या घरात त्यांनी एकदा तंबाखू सोडली म्हटलं, ती चितेपर्यंत सुटलेलीच राहिली.

बोर्डिंगचं आयुष्य घंटेवर चालायचं. उठायची घंटा, मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची घंटा, भाकरीची घंटा, अभ्यासाची घंटा. ख्रिस्ती पोरं मिस्सेला जात, आम्ही बाकीचे त्या वेळात झाडलोट करायचो आणि चर्चमधून येणाऱ्या पेटीच्या सुरांवर खराटे ताल धरायचे. जेवणात बाजरीची भाकरी आणि पिठलं, बुधवारी हुलग्याचे शेंगोळे, रविवारी मटणाचा असा रस्सा की त्यात मटण शोधायला नशीब लागे. पण त्या शेंगोळ्यांचा वास वऱ्हांड्यापर्यंत आला की भूमितीच्या तासाला पोरं आपोआप डुलायला लागायची. आता सत्तरीत डॉक्टरनं माझं तिखट बंद केलंय. सून प्रेमानं शेंगोळे करते, वरून तूपही घालते, पण तिच्या शेंगोळ्यांमागे अडीचशे भुकेल्या पोरांचा गलका नसतो, त्याला ती तरी काय करणार?

बोर्डिंगात माझे दोन जिवलग होते. बबन जामखेडच्या बाजूचा, आडदांड, एका दमात सहा भाकरी खाणारा आणि कशालाच न भिणारा. विलास भिंगारचा; त्याचे वडील लष्कराच्या ऑफिसात कारकून होते, म्हणून तो चालायचा परेडसारखं आणि बोलायचा जनरलसारखं. आणि एक अंतोन. तो आमच्या वर्गातला ख्रिस्ती पोरगा, मिस्सेला फादरच्या मदतीला उभा राहायचा, त्यामुळे देवाच्या घरचे सगळे कायदेकानू आपल्याला पाठ आहेत असा त्याचा तोरा असे. आम्ही त्याची थट्टा करायचो, पण अडलं की त्यालाच विचारायचो.

फादर लोकांच्या बंगल्यामागे द्राक्षाचा एक मांडव होता. मोठ्या फादरनी तो वेल कुठून तरी काडी आणून लावला होता आणि पाच वर्षं त्याला तान्ह्या पोरासारखं वाढवलं होतं. त्यांच्या गावाकडे म्हणे घरोघरी असा मांडव असतो. आम्ही नववीत होतो, त्या वर्षी वेलाला पहिल्यांदाच फळ धरलं. आठ घोस. मार्चात, शाळेला ज्या संताचं नाव होतं त्यांचा सण यायचा, बिशप यायचे, आणि पहिले घोस त्या दिवशी वेदीवर ठेवायचे हे मोठ्या फादरनी ठरवून टाकलं होतं. मांडवाला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, आणि किल्ली शांतवनमामांच्या खोलीत खिळ्याला. शांतवनमामा म्हणजे शाळेचे माळी. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्याला कायम पांढरं फडकं. विहीर खणली तेव्हापासून ते मोठ्या फादरबरोबर होते. आम्हाला पेरू चोरताना पकडलं की कान धरायचे, आणि मग त्याच कानात सांगायचे, "त्या पलीकडच्या झाडाचे खावा, ते ग्वाड हायेत."

आता खरं सांगतो, द्राक्षं चोरायची असा आमचा बेत मुळीच नव्हता. दुपारी जेवणं झाली की फादर लोक आडवे व्हायचे, मामाही झोपायचे, आणि सगळ्या शाळेत फक्त चिमण्या जाग्या असायच्या. आम्ही सात जण नुसते बघायला म्हणून मांडवापाशी गेलो. मग विलास म्हणाला, "तारेतून नीट दिसत नाहीये." मग बबन किल्ली घेऊन आला. मग कुणीतरी म्हणालं, एकेक मणी खाऊन बघू, बिशपला द्यायच्या आधी बरी आहेत का ते बघायला नको? मी आयुष्यात तोवर द्राक्ष चाखलं नव्हतं. तोंडात टाकलं आणि माझे दोन्ही डोळे आपोआप मिटले, इतकं ते आंबट होतं. सगळ्यांचीच तोंडं वेडीवाकडी झाली. पण पहिला घोस आंबट निघाला म्हणून दुसरा बघितला, दुसरा आंबट म्हणून तिसरा. एकेका घोसानं आमची आशा वाढतच गेली. भानावर आलो तेव्हा वेलावर एकच घोस उरला होता, तोही बबनचा हात तिथवर पोचला नाही म्हणून. आम्ही कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पळालो. त्या संध्याकाळी सातही जणांची पोटं अशी काही बिघडली की संडासापुढे रांग लागली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तर फादर उभे राहिले. ते तरुण, कोकणपट्टीतले, इस्त्री केल्यासारखे ताठ. म्हणाले, "ज्यानं कुणी हे केलं, त्यानं सोमवारपर्यंत माझ्याकडे येऊन सांगावं. सांगितलं नाही आणि सापडला, तर त्याचा दगड त्याच्या हातात देईन." मोठे फादर बाजूला खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा खेळणं मोडलेल्या लहान मुलासारखा झाला होता. मला बांधावरची बैलं दिसायला लागली.

संध्याकाळी आम्ही सात जण ओढ्यात जमलो आणि अंतोनला बोलावून घेतलं. द्राक्षांचं सांगितलं नाही, नुसतंच इकडचं तिकडचं विचारलं. बोलता बोलता त्यानं पापनिवेदनाचा विषय काढला. चर्चमध्ये एका कोपऱ्यात लाकडी पेटी होती, कपाटासारखी. दर शनिवारी मोठे फादर तिच्यात बसायचे, ख्रिस्ती माणसं शेजारच्या कप्प्यात जाळीपाशी गुडघे टेकून आपली पापं सांगायची. "त्या पेटीत सांगितलेलं फादर कुनालाच सांगत न्हाईत," अंतोन म्हणाला. "हेडमास्तर फादरलाबी न्हाई. पोलिसालाबी न्हाई. मान कापली तरी न्हाई." "आन शिक्षा?" बबननं विचारलं. "शिक्षा कसली? देव माफ करतो. दोन प्रार्थना म्हनायच्या, सुटला." आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी चांगली सोय शाळेत असताना आजवर आम्हाला कुणी सांगितली का नाही, याचंच आम्हाला वाईट वाटलं. ही सोय कुणाकुणाला आहे आणि कुणाला नाही, हे अंतोननं सांगितलं नाही, कारण सातही हिंदू पोरं त्याच पेटीपुढे जातील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

शनिवारी चार वाजता आम्ही केस ओले करून, भांग पाडून चर्चमध्ये गेलो. आधीच दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला पाहून चष्मे वर केले. बबन पहिला. आम्ही मागच्या बाकावर कान टवकारून. त्यानं गुडघे टेकले आणि काय म्हणायचं ते न सुचून एकदम ठणकावलं, "जय हिंद, फादर!" पेटी हलल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ कुजबुज. बबन घाम पुसत बाहेर आला. विलासनं आत जाऊन सॅल्यूट ठोकला. जाळीतून दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण त्याला राहवेना. आणि तिसरा मी.

आत लाकडाचा आणि मेणबत्तीचा वास होता. जाळीपलीकडे फादरचा नुसता श्वास ऐकू येत होता. मी शाळेत शिकवलं होतं तसं सांगितलं, "दत्तात्रय, इयत्ता नववी ब, हजेरी क्रमांक चौदा." आतून एक उसासा आला. "नाव सांगायचं नसतंय रं, पोरा." मला वाटलं, आता सांगितलंच आहे तर घ्या लिहून. "द्राक्षं खाल्ली, फादर. मी दोन घोस. बबननं तीन." "दुसऱ्याचं सांगायचं नसतंय." "बरं." जाळीपलीकडून प्रश्न आला. "तू ख्रिस्ती हाइस का?" "न्हाई फादर. पण द्राक्षं खाल्ली." पुन्हा पेटी हलली. आज मला पक्कं कळतंय की ती हसण्यानं हलत होती. त्या दिवशी वाटलं, देव आला असेल. "वाईट वाटतंय का?" फादरनी विचारलं. "लई दुखतंय, फादर. परवा रात्रीपास्नं." "प्वाट न्हाई. मनात." मी विचार केला आणि खरं ते सांगितलं, "तुमचं तोंड बघून वाटलं." त्यानंतर ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. "पोरा, हितं सांगितलंस, ब्येस झालं. पन ज्येचं नुकसान केलंस त्येच्यापुढं बी भाईर जाऊन सांग. तवा त्ये पुरं हुतं." मी "हो फादर" म्हणालो. बाहेर आल्यावर आमची चर्चा झाली. फादरनी ते शेवटचं वाक्य सातही जणांना सांगितलं होतं. आम्ही ते सुट्टीतल्या अभ्यासासारखं धरलं. केला तर केला.

रविवारी तर आम्ही हवेत होतो. रश्श्यात मला चक्क मटण सापडलं. विलासनं तर जाहीर केलं, की भिंगारला गेल्यावर आपण अशी एक पेटी घरीच बनवून घेणार.

सोमवारी प्रार्थना झाली आणि हेडमास्तर फादर म्हणाले, "कुणीही पुढे आलं नाही." मग त्यांनी शांतवनमामांना समोर बोलावलं. मामा डोक्याचं फडकं हातात घेऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांचं टक्कल आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. "कुलूप तोडलेलं नाही. किल्ली कुणाकडे असते?" "माझ्यापाशी." "मग द्राक्षं कुठे गेली?" मामा म्हणाले, "म्या तोडली न्हाईत, फादर. पन किल्ली माझ्यापाशी हुती, त्ये खरं हाय." "शांतवनमामा, सणानंतर तुम्ही दुसरं काम बघा." हेडमास्तर फादर मोठ्या फादरकडे वळले. त्यांनाही ते बोलणं जड गेलं असावं, कारण आवाज खाली आला. "फादर, तुम्हाला या बाबतीत काही ठाऊक आहे का?"

मोठे फादर उठले. त्यांनी शांतवनमामांकडे बघितलं. ज्या माणसाबरोबर त्यांनी विहीर खणली, तो माणूस त्यांच्याकडे आशेनं बघत होता. मोठ्या फादरचे कान लाल झाले, आणि ते एवढंच म्हणाले, "म्या काय बोलू शकत न्हाई." आणि खाली बसले. मामांची मान खाली गेली. त्यांना काय वाटलं असेल? आपला माणूससुद्धा आपल्यामागे उभा राहिला नाही, हेच.

माझ्या पाठीमागे अंतोन उभा होता. त्याला आता सगळा उलगडा झाला होता. तो माझ्या मानेशी तोंड आणून दातओठ खात कुजबुजला, "त्येंचं तोंड तुमी शिवलंय. आता तुमीच उसवा."

मला भिंत दिसत होती. आईचं हळदकुंकू पावसानं कधीच धुऊन गेलं होतं, पण माझा दगड कुठला ते मला लांबून ओळखू यायचं. तो हातात घेऊन मी बसमध्ये चढतोय, तोच कंडक्टर विचारतोय, देव परत का आणला म्हणून, आणि वडील बांधावर उभे आहेत. तरी मी हात वर केला. हेडमास्तर फादर वैतागून म्हणाले, "आत्ता नाही, नंतर जा." "लघवीला नाही, फादर," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका चिरका निघाला की पहिली रांग फिसकन हसली. "द्राक्षं मी खाल्ली. मामांनी नाही. किल्ली आम्ही घेतली होती, मामा झोपलेले असताना."

मग मागून बबनचा दणदणीत आवाज आला, "त्यानं दोनच खाल्ले, फादर! म्या तीन!" आणि तो पोरांना बाजूला ढकलत पुढे आला. विलास परेड करत आला, टाच वाजवून उभा राहिला. मग बाकीचे चौघे. आम्ही सात जण रांगेत उभे, आणि तेवढ्यात सहावीतला एक बुटका पोरगा रडत रडत येऊन आमच्या शेवटी उभा राहिला. "तू कोण?" हेडमास्तर फादरनी विचारलं. "म्या येक मनी खाल्ला. खाली पडल्याला." आमच्या पेटीच्या रांगेत तो नव्हताच. हा आठवा कुठून उगवला ते आम्हालाही कळेना. सगळी शाळा हसायला लागली, मास्तर लोक तोंडाला रुमाल लावायला लागले, आणि मोठ्या फादरनी एवढा मोठा आवाज करून नाक शिंकरलं की झाडावरचे कावळे उडाले. मग ते डोळे मोठे करून, जणू हे सगळं आत्ताच कानावर पडतंय अशा सुरात म्हणाले, "आसं व्हय!"

हेडमास्तर फादर हसले नव्हते. ते सरळ शांतवनमामांपुढे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, मी चुकलो. मला माफ करा." एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं, तेही अडीचशे पोरांसमोर, एका माळ्याची माफी मागितलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पुढे मी स्वतः बत्तीस वर्षं मास्तरकी केली. दोनदा वेळ आली तेव्हा मीही वर्गासमोर पोरांची माफी मागितली. फार जड जातं, आणि नंतर फार हलकं वाटतं. मामा मात्र गडबडून गेले. "आता फादर, तुमी कशाला... ग्वाड असती तर येक येळ..." असं काहीबाही म्हणत त्यांनी फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

दगडांचा प्रश्न उरला होताच. हेडमास्तर फादर शब्दाला पक्के होते. त्यांनी मोठ्या फादरकडे बघितलं. मोठे फादर म्हणाले, "तुमी म्हनला हुता, सांगितलं न्हाई आन सापडला तर. ह्येंनी सांगितलं. आन दगड काढला की भिंतीला भोक पडतंय, मला पुन्हा तिथं बघवत न्हाई." मग शिक्षा ठरली. वर्षभर रोज संध्याकाळी आठही जणांनी शांतवनमामांच्या हाताखाली राबायचं, विहिरीचं पाणी शेंदून वेलाला घालायचं. आम्हाला ती शिक्षा वाटलीच नाही. मामा पाण्यापेक्षा गोष्टीच जास्त घालायचे. विहिरीत मोठ्या फादरच्या डोक्यावर बेडूक कसा पडला आणि त्या दिवशी ते मराठीत पहिली शिवी कसे शिकले, ते मला मामांनीच सांगितलं.

सणाच्या दिवशी वडील आले होते, कारण बोर्डिंगच्या सगळ्या पालकांना बोलावणं होतं. मी त्यांच्या मागे लपत होतो. मोठ्या फादरनी त्यांना गाठलंच. "तुमचं पोरगं खरं बोलतं," ते म्हणाले. वडिलांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडं तर कदी बोलल्यालं न्हाई," ते म्हणाले. वेदीवर चांदीच्या ताटात तो एकुलता एक घोस ठेवला होता. मिस्सेनंतर मोठ्या फादरनी तो कौतुकानं बिशपपुढे धरला. बिशपनी एक मणी तोंडात टाकला. त्यांचे दोन्ही डोळे मिटले, गाल आत गेले, आणि आशीर्वाद द्यायला उचललेला हात हवेतच राहिला. आम्ही आठ जण एकमेकांना धरून असे हसलो, की अंतोनसुद्धा मेणबत्ती हातात धरून हलायला लागला. मोठ्या फादरनी स्वतः एक मणी खाल्ला. त्यांचंही तेच झालं. मग ते आमच्याकडे वळले, बोट नाचवलं आणि पोटावर हात फिरवून विचारल्यासारखं केलं. आम्ही माना हलवल्या.

नगरचं आता अहिल्यानगर झालंय, भिंतीवर चुन्याऐवजी रंगानं नावं लिहितात, आणि आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपचं नाव 'भिंत' आहे. बबन त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतो. शांतवनमामा जाऊन फार वर्षं झाली. पण मोठे फादर नव्वदीपर्यंत होते. शेवटी नगरला म्हाताऱ्या फादर लोकांच्या घरी असत. त्यांच्या शेवटच्या मार्चात मी, बबन आणि विलास त्यांना भेटायला गेलो. बबननं आपल्या मळ्यातल्या द्राक्षांची पेटी आणली होती. फादर खुर्चीत बसले होते, तेवढेच लांब, पण आता कापडाच्या घडीसारखे. आम्हाला तिघांनाही त्यांनी गावावरून ओळखलं. "मिरजगाव. जामखेड. भिंगार. बसा रं."

मी कित्येक वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "फादर, त्या शनिवारी मी तर नाव, वर्ग, हजेरी नंबर सगळं सांगितलं होतं. आम्ही ख्रिस्ती नव्हतो. तो नियम आम्हाला लागूच नव्हता, हे मला नंतर कळलं. तुम्ही हेडमास्तर फादरना एक शब्द बोलला असता, तरी मामांची मान त्या दिवशी खाली गेली नसती. का नाही बोललात?"

"पेटीत कोन येतं त्ये मला दिसत न्हाई," फादर म्हणाले. "ख्रिस्ती हाय का कोन हाय, त्ये जाळीतनं कळत न्हाई. जो येतो त्यो भरवशानं येतो, येवढं कळतं. शांतवनला म्या पुढं येकदा सांगून टाकलं हुतं, की बाबा, मला म्हाईत हुतं तू न्हाईस. त्यो म्हनला, मलाबी म्हाईत हुतं, तुमाला म्हाईत हाय."

आम्ही तिघंही साठीपुढचे, पण विलास तर उठून ताठ उभाच राहिला. बबननं नाक ओढलं आणि काहीतरी करायचं म्हणून द्राक्षांची पेटी उघडून फादरच्या मांडीवर ठेवली. फादरनी एक टपोरा घोस उचलला, उजेडात धरला, आणि त्या निळ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून बबनकडे बघत म्हणाले,

"ह्या खेपंला इचारून तोडली न्हवं?"